पेटी जाईल अशी वाट

लहानूभाऊची आणि माझी शेवटची भेट भांडणात गेली, आणि तसं पाहिलं तर ते आमच्या रीतीला धरूनच झालं. नागपूरला त्याच्या मुलाकडे, प्रशांतकडे, मी गेले होते. भाऊ खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. बसला होता म्हणजे बसवला होता. पायांतली ताकद केव्हाच गेली होती, पण हात काही केल्या थांबत नव्हते. खुर्चीच्या दांड्यावर बोटं वाजव, पडदा सरकव, पुन्हा लाव, खाली रस्त्यावर कोणाची गाडी चुकीच्या गेअरात चढतेय ते ऐक आणि न दिसणाऱ्या त्या माणसाला शिव्या घाल... मी त्याच्यासाठी मुद्दाम एक बातमी घेऊन गेले होते. कोहकाटोल्याला, जिथं माझी पहिली नोकरी होती, तिथं डांबरी रस्ता झाला होता आणि आता गाडी थेट शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहत होती. मला वाटलं, खूश होईल. त्यानं तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "मंग आता तिथी जायचं काय कारन?" मी चिडले. ज्या रस्त्यासाठी तू निम्मं जंगल पालथं घातलंस तो झाला, तर असं बोलतोस? तो म्हणाला तुला काही समजत नाही, मी म्हणाले तुला तरी कुठं समजतं. विमलवहिनीनं आमच्या मध्ये चहा आणून ठेवला आणि आम्ही दोघांनी तो एकमेकांकडे न बघता प्यायला. दुसऱ्या दिवशी मी वडशाला परत आले.

मग एका सकाळी प्रशांतचा फोन आला. "आत्या, बाबा गेले." मी म्हटलं, कुठं गेले? हे माझ्या तोंडून खरंच निघालं, कारण भाऊच्या बाबतीत आमच्या घरात आयुष्यभर हा एकच प्रश्न विचारला गेला होता. नागपूरला पोचले तेव्हा त्याला हॉलमध्ये ठेवलं होतं. हा माणूस एका जागी इतका स्वस्थ पडलेला मी कधीच पाहिला नव्हता आणि मला ते अजिबात पटलं नाही. अजून पटलेलं नाही. तेव्हापासून घरात माझा पाय ठरत नाही. हे लिहायला बसले तरी मध्येच उठते, अंगणात जाते, फाटक उघडते, कोणी नाही असं बघून परत लावते. शेजारची सून विचारते, बाई, कोणी येणार आहे का... काय सांगायचं तिला?

आमचे वडील वडशाला रेल्वेत गँगमन होते आणि आम्ही लहान असतानाच गेले. मायनं धानाच्या गिरणीत कामं करून आम्हाला वाढवलं. भाऊ नावानं लहानू आणि उंचीनं दाराला डोकं आपटणारा. शाळेत त्याचं मन रमलं नाही, गॅरेजमध्ये रमलं. तिथंच कधीतरी त्यानं मिलिटरीतून मोडीत निघालेली एक जीप पैदा केली आणि ती चालू करून घरासमोर आणून उभी केली. तिला टप नव्हता, एका बाजूचा दिवा नव्हता, पण चारही चाकांना जोर देणारा तो दुसरा आखूड गेअर शाबूत होता आणि भाऊ त्यावरच फिदा होता. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि मंडईला नाटक लागतं. वडशाच्या नाटक मंडळ्या मग होळीपर्यंत घरी येत नाहीत. भाऊ अशाच एका मंडळीत लागला. नट-नट्या, पडदे, पेटी, तबला, सगळं जीपमध्ये आणि मागच्या ट्रॉलीत भरून तो आज या गावात तर उद्या त्या गावात पोचवायचा. डांबरी रस्ते तेव्हा मोजके. बाकी सगळं जंगलातून, बैलगाड्यांच्या चाकोरीतून, नाल्याच्या रेतीतून.

या कामातून त्यानं वाटांची स्वतःची प्रतवारी तयार केली होती. ती मंडळीतल्या सगळ्यांना पाठ होती आणि पुढे मलाही झाली. सगळ्यात वरची पेटीची वाट. पेटीमास्तरांची हार्मोनियम फार नाजूक होती. धक्के बसले की तिचे सूर उतरायचे आणि रात्री नाटकात नायिकेचं गाणं एकीकडे आणि पेटी दुसरीकडे व्हायची. तेव्हा ज्या वाटेनं पेटी सुरात पोचते ती पेटीची वाट. त्याखाली बसायची वाट: पेटी मास्तरांच्या मांडीवर घ्यायची, माणसांनी दांड्याला धरून बसून राहायचं, हाडं मोजायची पोचल्यावर. त्याखाली उतरायची वाट: सगळ्यांनी उतरायचं, राजानं आणि राणीनंही, आणि जीपच्या मागून चालायचं. आणि सगळ्यात शेवटी त्याची स्वतःची वाट. तिथं तो कोणालाच नेत नसे. "ही माही वाट आहे," एवढंच म्हणायचा, सगळ्यांना लांबच्या रस्त्यानं पाठवायचा आणि एकटाच जीप घेऊन त्या बाजूनं झाडीत शिरायचा. बहुतेक वेळा तो आधी पोचलेला असायचा. कधीकधी नसायचाही, आणि मग मंडळी दोर घेऊन त्याला शोधायला निघायची.

मी डी.एड. झाले आणि मला झेडपीच्या शाळेत नोकरी लागली ती कोहकाटोल्याला. कुरखेड्याच्या पुढे फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि जंगलातून अर्धा दिवस चालायचं. मध्ये मोठा नाला. हिवाळ्यात त्यात गुडघाभर पाणी आणि रेती, पावसाळ्यात मात्र पलीकडचं जग बंद. गिरणीतल्या बायकांना पोरीच्या नोकरीचे पेढे वाटून आलेल्या मायनं गावाचं वर्णन ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "शिक म्हटलं होतं तुले," ती म्हणाली, "जंगलात जाऊन राह्य नाई म्हटलं." मग बराच विचार करून तिनं निकाल दिला: उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत जा. पण जीपनं घरी येता येईल असा रस्ता असेल तरच पावसाळ्यात तिथं राहायचं, नाहीतर राजीनामा देऊन घरी यायचं आणि तळोधीचं जे स्थळ आलंय ते बघायचं. मला ते स्थळ नको होतं आणि नोकरी हवी होती. आमच्या घरात पगाराचं पाकीट मुलीच्या हातात येणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती. मी त्या नोकरीसाठी भांडायला, रडायला, उपाशी राहायला तयार होते. पण मायपुढे यातलं काही चालत नसे. भाऊ दारात उभा राहून खर्रा चघळत ऐकत होता. तो म्हणाला, "रस्ता मी काढतो. पेटीचा काढतो." मायनं त्याच्याकडे असं पाहिलं की तिला राजीनामा डोळ्यांसमोर लिहिलेला दिसला असावा.

त्या हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे रविवार मी जीपमध्ये काढले. नाटक आटोपून भाऊ सकाळी सरळ फाट्यावर यायचा, डोळे लाल, तोंडात कालच्या नाटकातलं पद. मी म्हणायचे, थोडा झोप. तो म्हणायचा, झोपलो तर वाट पळून जाईल का? जाणार नाही, मग आत्ताच बघू. हे असलं उलटसुलट बोलणं ऐकून माझं डोकं फिरायचं. फाट्यावरून जंगलात शिरणाऱ्या वाटा कितीतरी होत्या. बांबूच्या ट्रकांनी केलेली वाट रुंद होती आणि मला तीच पसंत होती. पण कूप, म्हणजे तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा, तोडून झालं की ट्रक येणं बंद होतं आणि तोडलेल्या बांबूचे तिरपे खुंट वर आलेले राहतात. पहिल्याच रविवारी आमची दोन चाकं त्यांनी फाडली आणि चाकांना ठिगळं लावता लावता दुपार झाली. मग जाळरेषा. वणवा पसरू नये म्हणून जंगलखातं झाडं काढून जो सरळ पट्टा मोकळा ठेवतं, ती. पाहताक्षणी वाटावं, हाच रस्ता! पण जाळरेषेला चढ-उताराशी काही देणंघेणं नसतं. टेकडी आली तरी ती सरळच जाते. आम्हीही सरळ गेलो आणि टेकडीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा पुढे एकदम खोल उतार, खाली ऐनाच्या झाडांचे शेंडे. भाऊनं इंजिन बंद केलं, उतरला, कडेला उभा राहिला आणि कितीतरी वेळ खाली बघत राहिला. मी भीतीनं गाडीतच गोठले होते. "माही वाट," तो परत येऊन म्हणाला, आणि मला उतरवून, मी नको नको म्हणत असताना, जीप घेऊन खाली गेला. मी झाडांना धरून धरून उतरले. खाली तो बॉनेट उघडून पाणी घालत होता आणि इतका आनंदात होता की मला त्याला मारावंसं वाटलं.

इथं एक सांगायला हवं. भाऊला रस्ता काढायचा होता हे खरं, पण सापडलेल्या रस्त्यात त्याला रस नसे हेही तितकंच खरं. बैलगाड्यांची एक जुनी चाकोरी चांगली निघाली. मुरमाची जमीन, चढ सौम्य, जवळजवळ पेटीची वाट. मी म्हटलं, झालं तर, हीच ठरवू. तो हो म्हणाला आणि पुढच्या रविवारी दुसऱ्याच फाट्यावरून आत शिरला. का, तर त्या बाजूला मोहाच्या झाडांमागे एक वाट वळताना त्याला दिसली होती. विचारलं तर म्हणे, "पाहून तं घेऊ कुठी जाते." त्या 'पाहून घेऊ'पायी माझे किती रविवार गेले! माझी नोकरी टांगणीला लागली होती आणि हा माणूस वाटा चाखून बघत हिंडत होता. मी त्याला तसं तोंडावर म्हटलं. तो लगेच त्या चाकोरीवर परत गेला आणि त्यानं तिला खुणा करायला घेतल्या. मंडळीचा एक जुना लाल पडदा फाटला होता. त्याच्या चिंध्या करून त्यानं वळणावळणावरच्या झाडांना बांधल्या, म्हणजे पाचोळा पडला, चाकोरी बुजली तरी वाट चुकायला नको. काम झाल्यावर आम्ही दोघं एका झाडाखाली भाकर खात बसलो आणि मला वाटलं, जमलं बुवा.

एप्रिलात माय परीक्षा घ्यायला निघाली. भाऊ म्हणाला होता, पेटी ठेवून दाखवतो गाडीत. माय म्हणाली, "पेटी काऊन पायजे? मीच बसतो ना." आणि ती खरोखर पुढच्या सीटवर, पदर खोचून, मांडीवर पाण्याचा तांब्या घेऊन बसली. मी मागे. फाट्यापर्यंत सगळं ठीक. चाकोरीत शिरलो, पहिली लाल चिंधी दिसली. दुसरी दिसली. मायचा चेहराही जरा सैल पडला. मग एका वळणावर भाऊनं ब्रेक मारला. समोर तीन वाटा, आणि तिन्हीकडच्या झाडांना चिंध्या. लाल होत्या, निळ्या होत्या, हिरव्या लुगड्याचा काठ होता. एका ऐनाच्या बुंध्याला तर इतक्या बांधलेल्या की साल दिसत नव्हती. खाली दगड रचलेले. भाऊनं मान खाजवली आणि लाल चिंध्यांच्या मागे गाडी घातली. पण लाल लुगडी गावात काय कमी असतात? पुढे मोहाची झाडं लागली, प्रत्येक झाडाला काही ना काही बांधलेलं, मोहफुलं वेचायला खाली जाळून काळी केलेली जमीन, चाकोरीचा कुठं पत्ता नाही. गाडी कधी उताराला लागली तेही कळलं नाही. मग धप्प करून आम्ही कोरड्या नाल्याच्या रेतीत उतरलो आणि चाकं एक्सलपर्यंत आत. आखूड गेअर टाकला तशी ती आणखी आत गेली. मायच्या मांडीवरचं पाणी सगळं लुगड्यावर.

मोह वेचणारी माणसं आवाजानं धावत आली. त्यांच्यात कोहकाटोल्याचा गायता होता, म्हणजे गावाची देवपूजा बघणारा म्हातारा. मला तो ओळखत होता. भाऊनं जरा तोऱ्यातच विचारलं, ह्या चिंध्या कोणी बांधल्या, माझी वाट होती ती. म्हातारा गोंधळला. त्या जंगलात चिंध्यांचा देव असतो. जिथं जागा असते तिथं येणारा-जाणारा अंगावरच्या कपड्याची एक चिंधी बांधतो, दगड ठेवतो आणि पुढे जातो. म्हातारा म्हणाला, "तुमीच तं पयले बांधल्या ना जी? आमी म्हटलं, शहरातला मानूस गाडी थांबवून थांबवून बांधून राह्यला, तं जागा खरी असन. मंग आमीबी बांधल्या." मी हसू दाबत होते, पण मायकडे बघितलं आणि हसू आपोआप गेलं. रस्त्याचं सगळं सोंग तिच्यासमोर उघडं पडलं होतं. माणसांनी बांबू घालून, दोर लावून, सगळ्यांनी एकदम ओढून जीप बाहेर काढली, आणि माय ते बघत राहिली. मग तिथल्या बायकांबरोबर ती पायीच गावाकडे निघाली. जीपमध्ये बसायला तिनं नकार दिला.

मी सोमारीबाईच्या घरी राहत होते. सोमारीबाई विधवा, एकटी, दोन खोल्यांतली एक तिनं मला दिलेली. माय तिच्या ओट्यावर बसली. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण त्या किती वेळ बोलत होत्या कुणास ठाऊक. मध्येच माय उठली आणि माझ्या खोलीत जाऊन दाराची कडी लावून बघून आली. भाऊ लांब जीपला टेकून उभा, एकदा टायरला लाथ मार, एकदा इकडे ये, एकदा तिकडे जा. मी शाळेच्या पायरीवर बसून राजीनाम्यात काय लिहायचं याचा विचार करत होते. 'घरगुती अडचणीमुळे' हे शब्दसुद्धा मनात ठरले होते. शेवटी मायनं आम्हा दोघांना बोलावलं.

"रस्ता नाई आहे," ती म्हणाली. भाऊनं मान खाली घातली. "रस्ता काई दिसला नाई मले. मानसं दिसली." मग भाऊकडे वळून म्हणाली, "पावसाळ्यात राहू दे तिले. पन हप्त्यातून एक डाव, शनिवारी, पोरगी दिसली पायजे. नाई दिसली तं मी खुद येऊन घेऊन जाईन." भाऊ लगेच म्हणाला, दिसेल. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होते. नाला भरल्यावर मी घरी कशी दिसणार, याचा विचार न करता हा हो म्हणाला होता!

जूनमध्ये शाळा उघडली आणि काही दिवसांतच नाल्यानं दोन्ही काठ गिळले. पहिल्या शनिवारी मी सकाळची शाळा सोडून नाल्यावर गेले तेव्हा मला खात्री होती की कोणी येणार नाही. पलीकडच्या काठावर जीप उभी होती. तिथपर्यंत यायला त्यानं कोणती वाट धरली होती देव जाणे. चाकं, बॉनेट, तो स्वतः, सगळं चिखलानं एकाच रंगाचं झालेलं. मध्ये तपकिरी पाणी धो धो जात होतं. तो काहीतरी ओरडला, मी काहीतरी ओरडले, दोघांनाही काही ऐकू आलं नाही. मग तो नुसताच बघत राहिला. मीही. थोड्या वेळानं त्यानं हात वर केला, जीपमध्ये बसला आणि गेला. तेव्हा नुकतीच घरात आलेल्या विमलवहिनीनं पुढे सांगितलं की घरी पोचल्यावर माय दारातच बसलेली होती. तिनं विचारलं, "दिसली का?" तो म्हणाला, "दिसली." तेव्हा ती आत गेली आणि जेवायला वाढायला लागली.

हाच मग रिवाज झाला. दर शनिवारी मी नाल्यावर जायचे, तो पलीकडे यायचा, आम्ही एकमेकांना बघायचो आणि परत फिरायचो. कधी पाऊस इतका असायचा की मला फक्त जीपचा आकार दिसायचा आणि त्याला बहुधा माझी छत्री. घरी मायच्या उलटतपासण्या सुरू असायच्या. कशी दिसली? चांगली दिसली. वाळली का? नाही वाळली. डोक्याला तेल? होतं. आणि हा पठ्ठ्या नाल्याच्या पलीकडून माझ्या डोक्यावरचं तेल बघून आल्यासारखा सगळं सांगायचा. मला हे ऐकून हसूही यायचं आणि अस्वस्थही व्हायचं, कारण दर शनिवारी इथवर यायचं म्हणजे काय, हे त्या जंगलात त्याच्याबरोबर रविवार घालवलेल्या मलाच माहीत होतं. जीप उलटली तर तिथं त्याला कोण उचलणार होतं? शनिवारी सकाळी वर्गात माझं लक्ष नसायचं. फळ्यावर लिहिताना कान नाल्याकडे. पाऊस वाढला की वाटायचं, आज नको येऊ रे बाबा. आणि कमी झाला की वाटायचं, आता तरी निघाला असेल ना...

श्रावणात मला हिवताप झाला. अशी थंडी वाजायची की सोमारीबाईनं घरातली सगळी पोती माझ्यावर घातली. शनिवार आला. मी उठायला गेले आणि उंबऱ्यातच पडले. सोमारीबाईनं मला परत आत आणलं. नाल्यावर कोणी जाऊन सांगावं तर नाल्यापलीकडे आवाज जात नाही, आणि भाऊला मी सोडून कोणीही दिसलं काय, न दिसलं काय, सारखंच. दिवसभर मी तापात बडबडत होते म्हणे की जीप परत पाठवा, जीप परत पाठवा. तो अंधार पडेपर्यंत तिथं उभा होता, हे मला नंतर कळलं. घरी गेला तेव्हा मायनं विचारलं, "दिसली का?" खोटं बोलायची त्याला कधी अडचण आली नव्हती, डोक्यावरचं तेलसुद्धा त्यानं रचून सांगितलं होतं. पण त्या दिवशी त्याला 'दिसली' म्हणता आलं नाही. मायनं वाढलेलं ताट उचलून परत फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अर्धवट झोपेत होते. सोमारीबाई कोणाशी तरी गोंडीत मोठ्यानं बोलत होती आणि समोरचा माणूस नुसताच हूं हूं करत होता. डोळे उघडले तर दारात भाऊ. जीप कुठं तरी टेकडीच्या पायथ्याशी सोडून तो वरून, नाला जिथं फुटून दोन धारांचा होतो तिथून, पायी आला होता. कमरेपर्यंत ओला, पायाला चप्पल नाही, पोटऱ्या काट्यांनी फाटलेल्या. तो आत आला नाही. चौकटीला हात लावून वाकून उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, अरे, ये ना आत. तो म्हणाला, "दिसली." सोमारीबाईनं त्याच्या हातात पेज दिली. ती त्यानं उभ्यानंच प्यायली आणि वाडगा खाली ठेवून तो वळला. मला इतका राग आला! इतका मरणाचा चालत आलास, बस, अंग पूस, रात्रभर राहा, उद्या जा. मी रडायला लागले. तेव्हा तो म्हणाला, "मायनं कालपासून खाल्लं नाई. मी इथी बसलो तं तिले कोन सांगन?" आणि गेला. औषध आणायचंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं. ते कुरखेड्याहून तिसऱ्या कोणाकडून आलं.

मी कोहकाटोल्याला आणि पुढे त्याच भागातल्या गावांत निवृत्त होईपर्यंत शिकवलं. तळोधीचं स्थळ केव्हाच मागे पडलं. लग्न मी शाळेतल्या सहकाऱ्याशी केलं आणि ते माझ्या पसंतीनं केलं. नाल्यावर पूल झाला. माय गेली. जीप भंगारात निघाली आणि भाऊनं पुढे कितीतरी गाड्या चालवल्या, पण कोणत्याही गाडीला त्यानं सरळ रस्त्यानं घरी आणलं नाही. म्हातारपणी प्रशांत त्याला दवाखान्यात नेई तेव्हाही येताना दुसऱ्या गल्लीतून ने म्हणून हट्ट. मायचा प्रश्न मात्र त्यानं स्वतःकडे घेतला होता. घरी टेलिफोन आला तेव्हापासून शनिवारी माझी चौकशी ठरलेली, आणि मोबाइलवर माणूस दिसायला लागल्यावर तर त्यानं नुसत्या आवाजावर भागवायचं साफ बंद केलं. शनिवारी दुपारी माझा चेहरा पडद्यावर यायचा, तो चष्मा कपाळावर सरकवून बघायचा, आणि फोन बंद. कशी आहेस, काय जेवलीस, काही नाही. मी कधी ओरडायचे की दोन शब्द बोलत जा. तो म्हणायचा, बोलायचं काय आहे त्यात.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी सकाळपासूनच बिनसलेली होते. कारण नसताना केस विंचरले, तेल लावलं, खुर्ची उजेडात सरकवली आणि मग स्वतःचाच राग येऊन ती परत भिंतीशी नेली. आज फोन येणार नाही, हे कळायला मी काही लहान नाही. दुपारी फोन वाजला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग पंखा, मग विमलवहिनीचं अर्धं कपाळ. वहिनीनं आयुष्यात कधी मोबाइल हातात धरलेला मी पाहिला नव्हता. "वहिनी, खाली धर जरा," मी म्हटलं. फोन हलला आणि तिचे डोळे आले. ती माझ्याकडे नीट, सावकाश बघत राहिली. मग तिनं मान वळवली, खिडकीच्या बाजूला, जिथं त्याची खुर्ची असते, आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

"दिसली जी."